वादी कोणी कापली?

गेल्या पावसाळ्यात एका शिबिरात एका पोरानं कविता वाचली. पोरगा तडफेचा, आवाज खणखणीत. कवितेत चाबूक चार वेळा आला. आधी पाटलाच्या हातात, मग धर्माच्या हातात, मग बापाच्या पाठीवर, आणि शेवटी कवीचा शब्दच चाबूक झाला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. चहाच्या वेळी मी त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, "गड्या, ह्या चाबकाची वादी कोणी कापली?" त्याला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. म्हणाला, "सर, मला एकच वादी माहीत आहे, आंबेडकरवादी!" सगळे हसले. मीही हसलो. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

ज्यांचा ह्या गोष्टीशी संबंध तुटला आहे (आणि तुटला ते बरंच झालं, त्याबद्दल पुढं बोलू) त्यांच्यासाठी सांगतो. वादी म्हणजे कातड्याची लांब, अरुंद, अखंड पट्टी. चाबकाला ती लागते. ढोलकी-तबल्याची पुडी ताणायला लागते. मोटा चालत होत्या तेव्हा मोटेच्या शिवणीला लागायची. चपलेच्या वेणीला लागते. म्हणजे शेतकऱ्याचं पाणी, गवयाचा ताल आणि मालकाचा मार, तिन्हीला वादी पाहिजे.

मी जातीनं चांभार. बापानं शाळा बघितली, मी मास्तर झालो, तीस वर्षं पोरांना मराठी शिकवलं. आज्यानं मात्र जन्मभर रापी चालवली. सातारा भागातलं खेडं, बलुत्याचं काम, सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं आणि पदरात पडेल ते घ्यायचं. मी सात-आठ वर्षांचा होतो, म्हणजे १९६० च्या आसपासचं सांगतोय. कमावलेलं कातडं ढोरांच्या आळीतून यायचं. चुन्यात घालून केस उतरवलेलं, बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवलेलं. आजा ते अंगणात पसरायचा आणि बराच वेळ नुसता बघायचा. हात फिरवायचा. पाठीचं कातडं जाड, घट्ट. पोटाचं सैल, ओढलं की वाढणारं. मानेचं सुरकुतलेलं. कुठं गोचिडानं खाल्लेलं, कुठं काट्यानं फाडलेलं, कुठं मालकानं डागलेलं. जनावराचा सगळा जन्म त्या कातड्यावर उमटलेला असायचा आणि आजा तो वाचायचा. वादीला पाठ लागते. एका ठिकाणी वादी कच्ची निघाली की बाकीची सगळी लांबी फुकट.

आता लांब वादी काढायची कशी? जनावराची पाठ लांबून लांब चार-पाच हात. सरळ कापलं तर तेवढीच पट्टी मिळणार. मग जोड द्यावा लागणार आणि जोड म्हणजे दुबळी जागा. म्हणून आजा सरळ कापायचाच नाही. आधी तुकडा गोल करून घ्यायचा. कोपरा राहिला तर वादीला त्या जागी मोड पडतो आणि ताण आला की बरोबर तिथंच तुटते. गोल झाला की कडेला रापी लावायची आणि कडेकडेनं फिरत फिरत आत जायचं, गोगलगायीच्या शंखावरच्या रेघेसारखं. माप म्हणजे डाव्या अंगठ्याचं नख. नख कडेला टेकलेलं, रापी नखाला टेकलेली. रापी जागची हलत नाही, कातडं फिरतं. फार बारीक आणि फार लांब वादी पाहिजे असली तर पातं पाटात उभं रोवायचं, त्याच्याशेजारी वादीच्या रुंदीएवढं अंतर सोडून खुंटी मारायची आणि सुटलेलं टोक धरून ओढायला लागायचं. पातं आणि खुंटी यांच्या मधून वादी एका मापाची निघत येते. ओढायला दुसरं माणूस लागायचं.

निघालेली वादी वेटोळ्या खाते. ती ओली करून लिंबाच्या फांदीला बांधायची, खाली दगड टांगायचा, रातभर ताणात ठेवायची. सकाळी सरळ. ताणली की लांब होते तशी अरुंद होते, ते आधीच हिशेबात धरून अंमळ रुंद कापायची. मग तेल चोळायचं. हे सगळं आज्याला कोणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं.

आता हिशेब करा. एक हात म्हणजे २४ अंगुळं. एक हात व्यासाचा गोल तुकडा घेतला आणि एक अंगुळ रुंदीची वादी काढली तर ती सुमारे १९ हात निघते. अर्ध्या अंगुळाची काढली तर ३७ हातांच्या वर. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा, त्याला रुंदीनं भागा, एवढंच गणित. मी ते सातवीत शिकलो आणि घरी येऊन फुशारकीनं आज्याला सांगितलं. त्यानं समोरचा तुकडा उचलला, फिरवला, आकडा सांगितला आणि कापून मोजायला लावलं. एका हाताचा फरक पडला. माझा आकडा जास्त चुकला होता, कारण मधला रुपयाएवढा गाभा वाया जातो हे मी धरलंच नव्हतं. तो गाभा मला मिळायचा. दोन भोकं पाडून दोरा ओवला की भिंगरी.

१९७१ साली मी शहरातल्या कॉलेजात होतो. गणिताच्या तासाला प्राध्यापकांनी एक गोष्ट सांगितली. दिदो नावाची राणी. मूळची टायर शहरची, म्हणजे आजच्या लेबनॉनमधली. भावानं तिच्या नवऱ्याचा खून केला म्हणून गलबतं घेऊन पळाली आणि आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्याला लागली, आज जिथं ट्युनिशिया देश आहे तिथं. तिथल्या लोकांकडं जागा मागितली. एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी घ्या, म्हणून सौदा ठरला. तेव्हा राणीनं कातड्याच्या बारीक बारीक वाद्या काढल्या, टोकाला टोक लावलं आणि अख्ख्या टेकडीला वेढा घातला. तिथं कार्थेज शहर उभं राहिलं. परंपरेनं साल देतात इ.स.पू. ८१४. त्या टेकडीचं नाव बिर्सा, आणि ग्रीक भाषेत बिर्सा म्हणजे कातडं. (पंडितांचं म्हणणं असं की मूळ शब्द तिथल्या भाषेतला गडकोटाचा असावा आणि ग्रीकांनी त्यावरून ही गोष्ट रचली असावी. असेल.) ठरलेल्या लांबीच्या दोरीनं जास्तीत जास्त जागा कशी वेढावी, ह्या प्रश्नाला गणितात आजही दिदोचा प्रश्न म्हणतात. उत्तर : वर्तुळ. आणि एका बाजूला सरळ समुद्रकिनारा असेल तर अर्धवर्तुळ.

वर्ग खूश झाला. राणीची हुशारी सगळ्यांना पटली. मी मात्र मागच्या बाकावर बसून हिशेब केला. तीस चौरस फुटांचं कातडं धरलं, इंचाच्या आठव्या भागाएवढी वादी धरली, तर लांबी २८८० फूट होते. अर्ध्या मैलाहून जास्त! आकडा बघून माझी छाती फुगली आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, अरे, अर्धा मैल वादी त्या राणीनं कापली? गलबतातून उतरलेल्या त्या राजघराण्यातल्या बाईनं? तिच्या नखाला माप कुणी शिकवलं?

पुढं मी ही गोष्ट मुळात कशी लिहिली आहे ते भाषांतरांतून वाचलं. रोमचा कवी व्हर्जिल, इ.स.पू. १९ मध्ये वारला. त्याच्या महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात ही हकिकत येते. पण तिथं कापण्याचा शब्दच नाही. बैलाच्या कातड्यानं वेढता येईल एवढी जागा विकत घेतली, एवढंच. जस्टिन नावाचा दुसरा लॅटिन लेखक जरा सविस्तर सांगतो. तो म्हणतो की राणीनं कातडं अगदी बारीक पट्ट्यांत कापलं जावं असा हुकूम दिला. कापलं जावं! मी मराठीचा मास्तर, मला तिथंच ठेच लागली. आपल्या मराठीत 'आज्यानं वादी कापली' म्हटलं तरी क्रियापद वादीच्या मागं जातं, पण आजा आपल्या 'नं'सकट वाक्यात उभा असतो. 'वादी कापली गेली' म्हटलं की आजा वाक्यातून हाकलला गेला. व्याकरणाच्या पुस्तकात ह्याला नवीन कर्मणी म्हणतात. माझं म्हणणं, हा प्रयोग नवीन नाही, दोन हजार वर्षं जुना आहे आणि आपल्याला चांगला ओळखीचा आहे. विहीर बांधली गेली. देऊळ उभारलं गेलं. मोट शिवली गेली.

तुम्ही म्हणाल, साहित्यात चांभार अगदीच नाही असं कसं म्हणता? संत रोहिदास आहेत, कल्याणचे हरळय्या आहेत. आहेत ना. त्यांच्याबद्दल सांगितलेल्या गोष्टी एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचा.

रोहिदासांची गोष्ट. चित्तोडच्या राणीकडं पंगत होती. ब्राह्मण म्हणाले, ह्याच्या पंगतीला आम्ही बसणार नाही. वेगळे बसले तर प्रत्येक दोघांच्या मधे रोहिदास बसलेले दिसले. मग रोहिदासांनी कातडी चिरून आतलं सोन्याचं जानवं दाखवलं आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. प्रियादासानं १७१२ साली भक्तमाळेवर टीका लिहिली, तिच्यात ही कथा आहे. आता बघा. हा माणूस जन्मभर जनावराचं कातडं कापत बसला, त्याची एक वादी ह्या कथेत नाही. त्यानं स्वतःची कातडी कापली तेव्हा कुठं रापीला मान मिळाला आणि आतून निघालं काय, तर जानवं! म्हणजे मोठेपण तुझ्या हातात नव्हतं बाबा, तुझ्या कातडीखाली लपलेल्या ब्राह्मणात होतं. आणि गंमत अशी की रोहिदासांची जी पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत त्यांत ते जात लपवत नाहीत. आपले भाईबंद अजून काशीच्या आसपास मेलेली ढोरं ओढतात हे ते स्वतःच सांगतात. कवी खरं बोलला, कथाकारांनी त्याच्यावर सोन्याचा मुलामा चढवला. बाबासाहेबांनी १९४८ साली 'दि अनटचेबल्स' हे पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलं. त्या अर्पणपत्रिकेत कुठलं जानवं नाही.

दुसरी गोष्ट हरळय्यांची. बारावं शतक, बसवण्णांचं कल्याण, आजच्या बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. बसवण्णांनी नमस्कार केला, त्या उपकाराची फेड म्हणून हरळय्या आणि त्यांची बायको कल्याणम्मा यांनी आपापल्या मांडीचं कातडं काढून बसवण्णांसाठी चपला केल्या. इथंही तेच! चांभाराची कारागिरी थोर केव्हा? कातडं त्याचं स्वतःचं असेल तेव्हा. मी ही कथा भजनात, प्रवचनात, जयंतीच्या भाषणात किती वेळा ऐकली ते मोजलेलं नाही. पण त्याच हरळय्यांच्या मुलाचं लग्न मधुवरस ह्या ब्राह्मणाच्या मुलीशी लागलं, आणि त्यापायी ११६७ च्या सुमारास दोघाही बापांना हालहाल करून मारलं, ही परंपरेनंच सांगितलेली हकिकत मला जयंतीच्या भाषणात क्वचितच ऐकायला मिळाली. चप्पल सांगायला सोपी आहे. लग्न सांगायला अवघड आहे.

इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्या असतील. दुसऱ्याच्या साहित्यावर आसूड ओढला की आपल्याला बरं वाटतं. (जोतीरावांनी १८८३ साली पुस्तकाला 'शेतकऱ्याचा असूड' हेच नाव दिलं. नाव ठेवावं तर असं. पण त्या आसुडालाही वादी असतेच.) आता आपल्याकडं वळू.

मला आपल्या लोकांच्या लिखाणाबद्दल एक बोलायचं आहे आणि ते बोलायला मला वीस वर्षं लागली. आपणही आपली कातडी चिरून दाखवत बसलो आहोत. 'बलुतं' १९७८ साली आलं, 'आठवणींचे पक्षी' आणि 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे' १९७९ साली, 'उपरा' १९८० साली. ही पुस्तकं आली नसती तर मला तोंड फुटलं नसतं, हे आधी सांगतो. त्या वेळी ते चिरून दाखवणं गरजेचं होतं. समोरच्याला आपल्याला कातडी आहे हेच माहीत नव्हतं. पण पांढरपेशा वाचकाला तेव्हापासून एक सवय लागली. तो म्हणतो, "वाचवत नाही हो, अंगावर काटा आला." आणि पुढचं पुस्तक मागतो. त्याला आपली जखम पाहिजे. आपला हात नको. आणि आपले नवे लिहिणारेही ती मागणी पुरवतात. माझ्याकडं वाचायला येणाऱ्या कवितांमधली क्रियापदं बघा : मारलो गेलो, जाळलो गेलो, नागवलो गेलो. सगळं खरं आहे. पण सगळा नवीन कर्मणीच! आपल्या बापजाद्यांनी काहीच केलं नाही, त्यांच्यावर फक्त केलं गेलं, असं चित्र आपणच उभं करतो आहोत. त्यांनी अर्ध्या मैलाची वादी कापली ते कोण लिहिणार?

ओमप्रकाश वाल्मीकींच्या 'जूठन'मध्ये (१९९७, हिंदी) एक जागा आहे. शाळकरी पोराला काकाबरोबर मेलेल्या बैलाचं कातडं काढायला जावं लागतं. हातात सुरी येते, हात थरथरतो, मग कातड्याचं ओझं डोक्यावर घेऊन यायचं, आणि शाळेतल्या कोणी बघू नये म्हणून जीव मुठीत. मला ती जागा मोठी वाटते, कारण तिथं लाज आहे आणि कामही आहे. दोन्ही आहेत. लेखकानं कामाला लाजेखाली पुरलं नाही आणि लाजेवर कामाची फुलं वाहिली नाहीत.

हे मी एका जुन्या साथीदाराला बोलून दाखवलं तर तो उसळला. म्हणाला, "बाबासाहेबांनी जे सोडायला लावलं ते तू गोंजारतोस? उद्या म्हणशील मेलेलं ढोर ओढण्यातही कला होती!" हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. १९२७ च्या मार्चात महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि ओढकाम सोडा म्हणून सांगितलं. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात त्यांनी जुनी आठवण काढली. 'केसरी'तून कोणीतरी हिशेब मांडला होता की मेलेल्या ढोरांची कातडी, शिंगं, हाडं, मांस यांतून महारांना वर्षाला एवढे रुपये मिळतात आणि आंबेडकर त्यांचं नुकसान करतोय. संगमनेरच्या सभेत बाबासाहेबांनी त्याला उत्तर दिलं, त्याचा मथितार्थ असा, की एवढा फायदा आहे तर तुम्हीच घ्या, ओढा तुमची ढोरं, वर मी पदरचे पैसे देतो. कोणी पुढं आलं नाही. ह्याच्याइतकी नेमकी टीका मी मराठीत दुसरी वाचलेली नाही. फायद्याचा हिशेब मांडणारा काम करायला तयार नव्हता, हे एका वाक्यात उघडं पडलं.

तेव्हा काम सोडायचं की नाही ह्यावर माझं दुमत नाही. सोडायचंच. माझ्या बापानं सोडलं, मी सोडलं, माझ्या पोरांना रापी कशाशी खातात ते माहीत नाही आणि मला त्याचं तिळभर दुःख नाही. आज्याची बोटं थंडीत फुटायची, हाताचा वास जायचा नाही, आणि एवढं करून खळ्यावर पाटलापुढं हात पसरायचा तो पसरायचाच. माझं म्हणणं एवढंच आहे की काम सोडताना कामातली अक्कलही आपण त्यांच्या दारात टाकून आलो. ती अक्कल आपली होती. ती जातीची नव्हती, त्या माणसांची होती.

उनाची गोष्ट आठवा. ११ जुलै २०१६. मेलेल्या गाईचं कातडं काढत होते म्हणून दलित पोरांना उघडी करून, गाडीला बांधून मारलं. आपल्या कवितांत तो मार पुष्कळ आला. पण त्यानंतर गुजरातेतल्या लोकांनी मेलेली जनावरं उचलून सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीसमोर आणून टाकली, ते किती कवितांत आलं? तिथं क्रियापद कर्तरी होतं. संगमनेरच्या उत्तराची ती पुढची ओळ होती.

अजून एक गोष्ट आहे, ती माझ्याच घरातली आहे आणि सांगायला जड जाते. एका कातड्याला आमच्या गावात किती हात लागायचे? मेलेलं ढोर महारानं ओढायचं. कातडं ढोरानं कमवायचं. कापायचं-शिवायचं चांभारानं. दोर वळायचा मांगानं. एकच कातडं, चार जाती, आणि चौघांच्या चार पंगती. बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिलं की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. आम्ही ते वाचलं, भाषणात सांगितलं. पण १९७३ साली मी माझ्या महार मित्राला घरी आणलं तेव्हा त्याला पाणी वेगळ्या लोट्यातून दिलं गेलं. बघा, मीही लिहिलं 'दिलं गेलं'! माझ्या आजीनं दिलं, आणि मी गप्प बसलो. तो मित्र तेव्हा आमच्या अंकाच्या स्टेन्सिल कापायचा. तो काही बोलला नाही, पाणी प्यायला. त्याच रात्री आम्ही दोघांनी जातिअंतावरचा माझा लेख छापला.

हल्ली वरच्या थरातून वादीला जरा मागणी आली आहे, म्हणून दोन ओळी त्यावर. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा ह्या इटलीच्या कंपनीनं मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारखीच चप्पल दाखवली आणि नुसतं चामड्याची सँडल म्हटलं. ओरड झाली तेव्हा कंपनीनं मूळ भारतातलं असल्याचं मान्य केलं. त्या ओरडीत महाराष्ट्राची अस्मिता हा शब्द मी पोतंभर वाचला. ज्यांच्या बोटांनी चपलेवरची ती बारीक वाद्यांची वेणी घातली त्यांच्या जातीचं नाव मूठभरही नाही. उलट बाजूचं एक उदाहरण मात्र नोंदवायला हवं. कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांनी २०२० मध्ये मृदंग बनवणाऱ्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, 'सेबॅस्टियन अँड सन्स'. मृदंगाला गाय, बकरी आणि म्हैस अशी तीन जनावरांची कातडी लागतात, वाद्या म्हशीच्या. हे काम करणारे बहुतेक दलित ख्रिस्ती. चेन्नईतल्या कलाक्षेत्र संस्थेनं प्रकाशनासाठी जागा दिली होती, ती ऐनवेळी नाकारली. लेखक ब्राह्मण घरातला आहे, त्याचा हिशेब त्यानं त्याच्या जागी द्यावा. पण पुस्तकाच्या नावातच त्यानं कारागिराचं नाव घातलं, म्हणजे 'नं' लावला. हे काम आपल्यातल्या कोणी मराठीत ढोलकीच्या वादीबद्दल का केलं नाही, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो.

वर मी लिहिलं की पातं पाटात रोवल्यावर वादी ओढायला दुसरं माणूस लागायचं. ते माणूस माझी आजी होती. मित्राला वेगळा लोटा देणारी तीच. उलटं चालत अंगणाच्या टोकापर्यंत ती वादी ओढत न्यायची. हाताला झटका बसला तर वादी बारीक होणार, ढील पडली तर जाड होणार. म्हणजे रुंदीचं माप खुंटीइतकंच तिच्या मनगटात होतं. आजवर मी ह्या विषयावर दोन वेळा बोललो, दोन्ही वेळा आज्याचंच सांगितलं.

त्या १९७१ सालच्या दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा दिदोची गोष्ट दोघांना सांगितली होती. आजा लिंबाखाली बसून तबल्याच्या वाद्या काढत होता. मोटांचं काम तेव्हा पंपांमुळं कमी होत चाललेलं. राणी, गलबत, टेकडी, सगळं त्यानं शांतपणे ऐकलं. मला वाटलं, आता म्हणेल काय हुशार बाई. तो म्हणाला, "पाठीचं कापलं का सगळंच कापलं?"

मी म्हणालो, सगळंच.

"मग न्हाई जमायचं. पोटाचं तान खाऊन तुटनार. आन येवडी बारीक येकसंध निघत न्हाई. जोड दिलं आस्तील. बख्खळ जोड." रापी थांबवून त्यानं वर बघितलं. "राणीचं ऱ्हाऊ दे. जोड कुनी दिलं त्ये लिवलंय का?"

मी म्हणालो, नाही लिहिलं.

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आजी वादीचं टोक धरून उभी होती. ती तिथनंच ओरडली, "गोष्टी मागनं सांगा. वादी वाळाय लागलीया, पानी आन आदी."